कन्येऐवजी स्विच

सोळा संस्कारांमध्ये उपनयन हा सर्वांत थोर संस्कार. त्या दिवशी मनुष्य दुसऱ्यांदा जन्माला येतो, गायत्रीचा उपदेश घेतो आणि अज्ञानाच्या अंधारातून ज्ञानाच्या प्रकाशाकडे पहिलं पाऊल टाकतो. पंचवटीतल्या चिंतामणगुरुजींचा आठ वर्षांचा नातू गौरांग हे पाऊल वैशाखातल्या एका रविवारी टाकणार होता. प्रकाश सात इंची पडद्यातून यावा, साडेपाच इंची चालणार नाही, एवढीच त्याची अट होती.

ही अट पुरी करायचं काम त्याच्या मामावर, म्हणजे हेरंबवर आलं होतं.

तसं मुंजीत मामाला फार काम नसतं. रेशमी झब्बा घालून हसत उभं राहायचं आणि सोडमुंजीला पुढे व्हायचं. सोडमुंज पूर्वी बारा वर्षांनी होत असे. हल्ली कार्यालय एकाच दिवसाचं मिळतं, म्हणून मुंजीनंतर दीड तासात होते. बारा वर्षांचं ब्रह्मचर्य पहिली पंगत बसायच्या आत आटोपतं. त्यात बटू डोळ्यांत काजळ, पायांत जोडा, एका हातात काठी नि दुसऱ्या हातात छत्री घेऊन जाहीर करतो की मी विद्येसाठी काशीला चाललो. मग मामाने आडवं जाऊन म्हणायचं, "काशीला जाऊ नकोस, मी तुला माझी मुलगी देतो." बटू लगेच मागे फिरतो. विद्या की लग्न, या प्रश्नाचा निकाल शास्त्रकारांनी असा एका वाक्यात लावून टाकला आहे. अलीकडे मुली ऐकत नाहीत, म्हणून मामा घड्याळ देतात, सायकल देतात. बटू त्यालाही फिरतो. निदान आजवर फिरत आले होते.

हेरंब चव्वेचाळीस वर्षांचा, वीज कंपनीत इंजिनिअर, राहायला इंदिरानगरात. माणूस सरळ, पण एका जागी स्वस्थ बसणं त्याच्या पत्रिकेत नव्हतं. खुर्चीत बसला तर गुडघा हलायचा, उभा राहिला तर किल्ल्या वाजायच्या, आणि दोनपैकी एक गोष्ट निवडायची वेळ आली की तो तिसरी शोधायला बाहेर पडायचा. गौरांगच्या बारशाला त्याने असेच चार बाजार फिरून चांदीचे वाळे आणले होते. सहा महिन्यांत ते काळे पडले, आणि नंतर घासता घासता तांबडे निघाले. मीनाच्या, म्हणजे हेरंबच्या बहिणीच्या सासूबाई सुधाकाकू यावर एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एक विशेषण तयार केलं. त्या घरात पाय डुगडुगणारी खुर्ची 'हेरंबी' असते. आतून नासके निघालेले हापूस हेरंबी असतात. मागच्या वर्षी गल्लीतल्या एका मुलीचं स्थळ मोडलं तेव्हा तो मुलगाही हेरंबी निघाल्याचं हेरंबच्या कानावर आलं होतं.

आता तीनशे माणसांसमोर, व्हिडीओवाल्याच्या साक्षीने गौरांगला मागे फिरवायचं होतं. तो फिरला नाही, तर त्या विशेषणाचं क्रियापद व्हायला वेळ लागणार नव्हता.

मुंजीच्या अकरा दिवस आधी गौरांगचा फोन आला.

"मामा, स्विच."

"कुठला स्विच?"

"स्विच रे. लाईट नाही."

हेरंबची बावीस वर्षं वीज कंपनीत गेली होती. तो ताडकन उठून उभा राहिला. "लाईट नाही? कधीपासून? शेजाऱ्यांकडे आहे का? आईला सांग, मीटरजवळचा खटका पडलाय का बघ म्हणावं."

पलीकडे फोन टेबलावर आपटला. मग लांबून आवाज आला, "आई, मामाला काहीच कळत नाही."

मीना फोनवर आली. "दादा, लाईट आहे. पंखा चालू आहे माझ्या डोक्यावर. ते त्याच्या खेळण्याचं नाव आहे. हातात धरून खेळायचा व्हिडीओ गेम असतो ना, तसलं मशीन. त्याला स्विच म्हणतात."

"मग लाईट?"

"ते त्याचं धाकटं भावंड. लहान असतं म्हणे. ते नकोय त्याला. मोठं पाहिजे."

"आणि नाही आणलं तर?"

मागून उत्तर आलं, "तर मी काशीला जाईन."

हेरंब मोठ्याने हसला. मीना हसली नाही.

"हसू नकोस दादा. गेल्या वर्षी शाळेची सहल सायखेड्याला शेत बघायला गेली होती. हा म्हणाला, हे वासरू उठेपर्यंत मी उठणार नाही. वासरू सव्वा तास बसलं. दोन बसगाड्या खोळंबल्या. आणि काशी म्हणजे मनमाडहून रेल्वेने जायचं, वरच्या बर्थवर झोपायचं, असं त्याला कोणीतरी सांगितलंय. त्याने दप्तर भरून ठेवलंय. आठवडाभर ज्ञान घेऊन येतो म्हणतो."

"मग तुम्ही समजवा की त्याला."

"समजवायचं काम मामाचं असतं," मीना म्हणाली. "घरी सगळे तेच म्हणतायत. सासूबाई तर हौसेने म्हणतायत."

दुसऱ्या दिवसापासून हेरंब फिरायला लागला. ऊन असं होतं की महात्मा गांधी रोडवर उभ्या केलेल्या स्कूटरवर बसायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. पण स्कूटर उभी राहतच नव्हती. सकाळी ऑफिसला जाता जाता एक दुकान, जेवणाच्या सुट्टीत दुसरं, संध्याकाळी कॉलेज रोडला तिसरं. मधल्या वेळात तो मोबाईलवर तज्ज्ञांचे व्हिडीओ पाही. त्यातला एक तरुण बावीस मिनिटं "तर मित्रांनो" म्हणत म्हणत सहा मशीनं उलगडून दाखवायचा आणि शेवटी सांगायचा की कोणतं घ्यायचं ते तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. हेरंबची गरज काय होती? एक मुलगा वळला पाहिजे. याबद्दल त्या तरुणाने काही सांगितलं नव्हतं.

गांधी रोडवरच्या एका तळघरात रविराजचं दुकान होतं. रविराज पस्तिशीचा, मूळचा सायखेड्याचा. कांद्याच्या गाडीवरून मोबाईलच्या धंद्यात आलेला. गिऱ्हाईक घ्यायला आलंय की गारव्याला आलंय, हे तो जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायचा. हेरंबच्या पावलांचा मात्र त्याला अंदाज येईना.

"हे बघा साहेब. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम हायेत यात."

"एवढे एका मुलाच्या आयुष्यात खेळून होतील?"

"व्हत नाय ना. पण काळजी नाय. त्यातले चार येगळे हायेत, बाकी तेच परत."

"मला स्विच दाखवा. मोठा. लाईट नाही."

"आता बोललात. हे घ्या, लय भारी पीस."

हेरंबने तो हातात घेतला. पडदा मधे, दोन्ही बाजूंना बटणांच्या मुठी. रविराजने अंगठ्याने काहीतरी केलं आणि एक मूठ निघून त्याच्या हातात आली.

"तुटली?"

"नाय साहेब. निघती ती."

"मग नीट लावलेली नव्हती."

"लावलेलीच व्हती. काढायचीच असती."

"काढायची असते तर लावतात कशाला?"

रविराजने मूठ परत सरकवली. खट्ट आवाज झाला. "साहेब, चष्मा पण काढायचाच असतो," तो म्हणाला.

हेरंबला हे पटलं, म्हणून तो काही न घेता बाहेर पडला. पटलेल्या गोष्टीवर लगेच विश्वास टाकायचा नाही, हा धडा तो वाळ्यांपासून शिकला होता. मॉलमध्ये जाऊन त्याने तिथल्या स्विचची मूठ काढून पाहिली. तिथेही निघाली. मग ती परत बसेना. सुरक्षारक्षक जवळ येऊन उभा राहिला तेव्हा हेरंब शांतपणे मूठ आणि पडदा शेजारी शेजारी ठेवून, कोणी पाहत नसल्यासारखा सरकत्या जिन्याकडे निघून गेला. जिना वर जाणारा होता. त्याला खाली जायचं होतं.

घरी पुन्हा तेच. जेवताना तो मध्येच उठून बॅटरी किती तास चालते ते पाहून यायचा. त्याची चौदा वर्षांची मुलगी मृण्मयी हे सगळं भाकरी चावता चावता बघत होती.

"बाबा, माझं नाव ठेवायला किती दिवस लागले होते तुला?"

"बाराव्या दिवशी ठेवलं. का गं?"

"काही नाही. नशीब, मुदत होती."

मुंजीला पाच दिवस उरले तेव्हा चिंतामणगुरुजींनी हेरंबला बोलावणं पाठवलं. गुरुजींनी पन्नास वर्षं रामकुंडावर यजमानांची श्राद्धं केलेली. त्यांच्या नातवाच्या मुंजीत व्हिडीओ गेम! तो रागाला सामोरं जायची तयारी करून, आणि ढाल म्हणून मृण्मयीला बरोबर घेऊन पंचवटीत गेला. सुधाकाकूंनी पन्हं दिलं. हेरंब खुर्चीच्या कडेवर टेकला. खुर्ची डुगडुगली. सुधाकाकू नुसत्या हसल्या.

"हेरंबराव," गुरुजी म्हणाले, "वस्तू काय द्यायची ते तुम्ही बघा. यंत्र द्या, मोटार द्या. माझं म्हणणं शब्दांपुरतं आहे. अडवताना मामाने 'कन्या देतो' असं स्पष्ट म्हणायचं असतं. हल्लीचे मामा नुसतं खोकं पुढे करतात. ते चालणार नाही."

"कोणती कन्या?" मृण्मयीने विचारलं.

"तुझ्याशिवाय आहे का त्याला दुसरी?" सुधाकाकू म्हणाल्या.

"आजोबा, तो आठ वर्षांचा आहे. परवा त्याने माझ्या सँडलमध्ये चिंच भरली होती."

"अगं, नुसतं म्हणायचं असतं," गुरुजी म्हणाले. "कोण खरंच देतंय?"

"सगळे शूट करणार. सोमवारी माझ्या क्लासच्या ग्रुपवर येईल ते. मग सगळं खरंच होतं."

गुरुजी अडचणीत येणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या पन्नास वर्षांच्या धंद्यात अडचणी यजमानाला यायच्या आणि गुरुजी त्यातून वाट काढायचे. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि डोळे उघडले.

"निष्क्रय करू."

"म्हणजे?" हेरंबने विचारलं.

"म्हणजे बदली. गोदान सांगितलेलं असतं, पण गाय कोण आणतो? गाईऐवजी नारळ ठेवतात आणि 'गोनिष्क्रय' म्हणतात. तसं तुम्ही म्हणा, कन्येऐवजी अमुक वस्तू देतो. शास्त्रही राहिलं, पोरगीही राहिली."

"म्हणजे मी गाय," मृण्मयी म्हणाली.

"आणि स्विच नारळ," हेरंब घाईघाईने म्हणाला. त्याचं मन एकदम हलकं झालं होतं. पण हलकं झालं की त्याला पुढची शंका यायची. "गुरुजी, निष्क्रयाची वस्तू खंडित नको ना? म्हणजे, याच्या दोन्ही बाजूंच्या मुठी निघतात."

"तुटतात की काढता येतात?"

"काढता येतात."

"मग ते अवयव झाले. हरकत नाही."

"चांदीचं नाही ना काही त्यात?" सुधाकाकूंनी विचारलं, आणि पेला उचलून आत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी हेरंब रविराजच्या तळघरात गेला आणि त्याने स्विच विकत घेतला. पांढऱ्या मुठींचा.

"कव्हर देऊ? काच लावून देऊ? याच्याबरोबर अजून..."

"वरचं काही नको," हेरंब म्हणाला. दुकानदार वरचं कसं गळ्यात मारतात, यावर त्याने एक अख्खा व्हिडीओ पाहिला होता. "यंत्र तेवढं द्या."

घरी येईपर्यंत त्याला वाटलं, पांढरं म्हणजे जरा दवाखान्यासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी तो बदलून लाल-निळं घेऊन आला. रात्रीच्या जेवणात त्याला वाटलं, लाल-निळं फारच जत्रेतलं दिसतं, लांबून कोणी म्हणेल प्लास्टिकचं आणलं. तो पुन्हा गेला. रविराजने काउंटरवर दोन्ही खोकी मांडली आणि हात जोडले.

"साहेब, आता पाचव्यांदा आलात तर भागीदारीच घ्या."

पांढरं कायम झालं. मुंजीच्या आदल्या दिवशी हेरंबने खोकं कागदात बांधलं, सोडलं, आत सगळं आहे का पाहिलं, परत बांधलं, आणि चिकटपट्टी तिरकी लागली म्हणून परत सोडलं. चौथ्यांदा त्याची बायको वृंदा येऊन खोक्यावर हात ठेवून बसली. "आता हे उद्याच उघडेल," ती म्हणाली.

रविवार उजाडला. आडगाव नाक्यापलीकडच्या मंगल कार्यालयात मुंज लागली, मंगलाष्टकं झाली, गौरांगने गायत्री न अडखळता म्हटली आणि भिक्षेच्या ताटात आलेले लाडू मोजून घेतले. सगळं वेळेवर चाललं होतं. हेरंब मात्र खांबामागून खांबामागे फिरत होता. खोकं वृंदाच्या मांडीवर होतं आणि दर दहा मिनिटांनी तो ते आहे का विचारत होता.

पावणेबाराला सोडमुंजीची वेळ झाली. गौरांगला काजळ घातलं, गालावर तीट लावली, धोतर, कोट, छत्री, काठी, नवे बूट. पाठीवर शाळेचं दप्तर त्याने स्वतः चढवलं. "ते कशाला रे?" म्हणून मीनाने हात घातला, तर म्हणाला, "सामान आहे." सनई सुरू झाली. बटू मांडवातून निघाला, आणि मागे तीनशे माणसं फोन वर धरून निघाली.

रीतीप्रमाणे मामाने दारातच अडवायचं असतं. हेरंब दारात उभा होता. पण ऐन वेळी त्याला वाटलं की खोकं डाव्या हातात आहे, दान उजव्या हाताने द्यायचं असतं. तो हात बदलेपर्यंत गौरांग त्याच्या बगलेखालून पुढे गेला होता.

"मामा, अहो मामा!" लोक ओरडले.

हेरंब दारातून तसाच अनवाणी धावला. बाहेर डांबर तापून मऊ झालं होतं. फाटकावरचा वॉचमन पुंजा खुर्चीत बसला होता. गौरांगने त्याला विचारलं, "काका, मनमाडची बस कुठे थांबते?" आणि पुंजाने प्रामाणिकपणे समोर बोट दाखवलं. "त्या टपरीपाशी. आत्ता येईलच."

"गौरांग!" हेरंबने त्याला गाठलं आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत खोकं पुढे केलं. "हे बघ. स्विच. मोठा. लाईट नाही!"

गौरांग थांबला. त्याने खोक्याची चारही बाजूंनी तपासणी केली. "चार्जिंग किती तास चालतं?"

"साडेचार ते नऊ. तुमच्या... तुझ्या गरजेवर अवलंबून आहे."

"आणि काशीला किती तास लागतात?"

"मनमाडहून ना? बावीस धरून चाल," गर्दीतून आवाज आला. मनमाडचे खंडेराव, गुरुजींचे जुने यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. "पण चार्जिंगची काळजी नको बाळ. हल्ली डब्यात प्लग असतात. रात्री कटलेट येतं, सकाळी ऑम्लेट. तू नाही खायचं आता. पण चहा फार चांगला असतो."

हेरंबने खंडेरावांकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले. पण चहाचं व्हायचं ते काम झालं होतं.

"थँक यू मामा," गौरांग म्हणाला. त्याने खोकं काखेत मारलं, छत्री सावरली आणि टपरीकडे चालू लागला.

बटू वस्तू घेऊनही पुढे गेला, तर काय करायचं, याची तरतूद कोणत्याही ग्रंथात नाही. गुरुजींनी डोळे मिटले; या वेळी ते बराच वेळ उघडले नाहीत. सनईवाल्याने मात्र पुढचं गाणं धरलं. फाटकात सुधाकाकू उभ्या होत्या. त्यांच्या ओठांची किंचित हालचाल झाली. एखादा नवा शब्द जुळवत असाव्यात.

हेरंब धावत पुढे गेला आणि गौरांगच्या समोर उकिडवा बसला. तळव्यांची आग मस्तकात जात होती. अकरा दिवस पाठ केलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "तू जाऊ नकोस. तू गेलास तर माझं काही खरं नाही."

"आजी रागावेल तुला?"

"रागावली तर बरं. हसेल. कायम हसेल."

गौरांगने विचार केला. काजळ ओघळून त्याच्या गालावर दोन काळे ओहोळ आले होते. "मग तू पण चल," तो म्हणाला. "वरचा बर्थ माझा. खालचा तुझा."

क्षणभर हेरंबला हा प्रस्ताव अजिबात वाईट वाटला नाही. टपरीपाशी लाल बस येताना दिसत होती. बावीस तास कोणी काही निवडायला सांगणार नाही. मग त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं.

"चालेल," तो म्हणाला. "पण आधी बघून तर घे. बिघडलेलं असलं तर बदलून आणता येईल. एकदा मनमाड सुटलं की संपलं."

हे गौरांगला पटलं. मामा-भाच्याने रस्त्याच्या कडेला खोकं उघडलं. चिकटपट्टी या वेळी पक्की निघाली; हेरंबने ती दातांनी तोडली. गौरांगने सराईतपणे मुठी पडद्याला सरकवल्या, खट्ट, खट्ट, आणि वरचं बटण दाबलं. त्याने पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, छत्रीच्या सावलीत धरला.

"काहीच दिसत नाही."

"ऊन आहे ना रे! उन्हात कसं दिसणार? आत पंख्याखाली चल. बघू, आणि मग ठरवू."

बस थांबली. कंडक्टरने धोतर, छत्री आणि काजळ यांच्याकडे पाहिलं, डबल बेल दिली आणि बस गेली. गौरांगने तिच्याकडे पाहिलं, हातातल्या पडद्याकडे पाहिलं. मग तो वळला.

तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी डोळे उघडले. "वचन! हेरंबराव, वचन राहिलं!"

हेरंब लंगडत उठला आणि कार्यालयाकडे चाललेल्या त्या छोट्या पाठीकडे बघून बेंबीच्या देठापासून ओरडला, "कन्येऐवजी स्विच देतो!"

मृण्मयी फोन वर धरून उभी होती. "पुन्हा एकदा, बाबा," ती म्हणाली, "सनईत नीट ऐकू नाही आलं."

त्यानंतरची वीस मिनिटं हेरंबच्या आयुष्यातली सर्वांत स्वस्थ वीस मिनिटं होती. त्याला पंख्याखाली बसवलं, पाय थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवायला दिले. त्याचा गुडघा हलत नव्हता. खंडेरावांनी येऊन माफी मागितली आणि अशी सोडमुंज अख्ख्या मनमाडात झाली नाही म्हणाले. सुधाकाकू स्वतः ताट घेऊन आल्या. "मामाने राखलं हो," त्या मीनाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, आणि मठ्ठ्याची वाटी त्याच्या हातात दिली. मीनाचे डोळे भरून आले. हेरंब जिलेबी खात होता.

शेजारीच सतरंजीवर गौरांग बसला होता. सकाळी त्याच्या पंगतीला बसलेली मुंज झालेली आठ मुलं आणि आणखी पंधरा-वीस पोरं त्याच्या खांद्यांवरून, डोक्यावरून, काखेतून वाकली होती. पडदा आता लख्ख उजळला होता. त्याने भाषा विचारली. मराठी नव्हती, गौरांगने इंग्रजी दाबली. देश विचारला. वेळ विचारली. मग पडदा पांढरा झाला, त्यावर रिकामे चौकोन आले, आणि पुढे काही होईना. गौरांगने सगळी बटणं दाबून पाहिली. मग त्याने हात पुढे केला.

"मामा, गेम दे."

"हाच की गेम."

"हे मशीन आहे. गेम कुठाय?"

"आत असेल. नीट बघ."

पोरं मामाकडे बघायला लागली. हेरंबने घमेल्यातून एक पाय काढला. खोकं ओढून उलटं केलं, हलवलं, झटकलं. एक वायर पडली, एक प्लग पडला, घडी घातलेला कागद पडला. मृण्मयीने मठ्ठ्यात मिरची शोधणं चालू ठेवलं. सुधाकाकू वाढता वाढता थांबल्या.

हेरंबने रविराजला फोन लावला. रविराज घरी होता. मागे पोरांचा आणि ताटांचा आवाज येत होता.

"बोला साहेब. फिरला का भाचा?"

"फिरला. पण यात गेम दिसत नाहीये."

"त्यात नसतोच साहेब," रविराज म्हणाला. "गेम येगळा घ्यावा लागतो."